रात्रपाळीचं नाटक: पुणे–लाइपझिग प्रकल्पाच्या नोंदी

10 जून 2024

कागदपत्रं आली. लाइपझिगच्या एका लेखिकेचं नवं नाटक मी जर्मनमधून मराठीत आणायचं, आणि आमच्या गटातल्या नाटककार मुलीचं नाटक मराठीतून जर्मनमध्ये जायचं. दोघींनी एकमेकींच्या शहरात जाऊन तालमीला बसायचं. विमानभाडं, राहणं आणि भाषांतराचं मानधन तिकडचा एक सांस्कृतिक निधी देणार. प्रकल्पाचा शेवट म्हणून लिहिलंय: 'अभिवाचन, एक'.

यावर मी आणि दिग्दर्शक बराच वेळ बोलत बसलो. परदेशी देवाणघेवाणीत हे नेहमीचंच. नाटक भाषांतरित होतं, नट संहिता हातात घेऊन खुर्च्यांवर बसतात, मग चर्चा, चहा, सगळ्यांचा फोटो, आणि नाटक फायलीत जातं. अभिवाचन स्वस्तात होतं आणि अहवालात मात्र प्रयोगाइतकीच जागा घेतं. माझं म्हणणं, आपण पहिल्यापासून प्रयोगाचंच भाषांतर करू. अभिवाचन हा मधला थांबा. दिग्दर्शक म्हणाला, "आणि पैसे?" ते नंतर बघू.

पुण्यात परदेशी नाटक रुजल्याचं ठळक उदाहरण ग्रिप्सचं. बर्लिनच्या फोल्कर लुडविग यांची ही मुलांची रंगभूमी डॉ. मोहन आगाशे यांनी 1986 मध्ये थिएटर अ‍ॅकॅडमीतर्फे इथं आणली. मोठ्या नटांनी मुलांची कामं करायची, राजा-राणी-परी नाही, घरातले आणि शाळेतले खरे प्रश्न. सुरुवातीची नाटकं जर्मनवरून घेतलेली होती. प्रयोग लागत राहिले, नट तयार होत गेले, म्हणून पुढे मराठीतच स्वतंत्र ग्रिप्स नाटकं लिहिली गेली. एका अभिवाचनाच्या जोरावर हे झालं नसतं.

14 जून

नाटक वाचलं. लाइपझिग-हाल्ले विमानतळावर पार्सलांची प्रचंड उलाढाल चालते. डीएचएलचं केंद्र तिथं 2008 पासून आहे, आणि तिथं रात्रीही मालवाहू विमानं उतरतात. नाटकात अशाच एका छपराखालची एक रात्रपाळी आहे. माणसं खोकी उचलतात, बारकोड वाचतात, पट्ट्यावर टाकतात आणि बोलतात.

कोण बोलतंय ते लिहिलेलंच नाही. पात्रांची यादी नाही, नावं नाहीत. नुसत्या ओळी, मध्ये मोकळ्या जागा, कुठं अर्धं पान सलग मजकूर. जर्मन रंगकर्मी याला 'टेक्स्टफ्लेशे' म्हणतात. ऑस्ट्रियन लेखिका एल्फ्रीडे येलिनेक यांच्यामुळे हा प्रकार तिथं मुरला. ओळी कोणाला द्यायच्या हे दिग्दर्शकानं आणि नटांनी ठरवायचं. चार जणांत करा, नाहीतर चौदा जणांत.

आमच्याकडचे नट संहिता हातात आली की आधी आपल्या नावाखाली रेघ मारतात. इथं रेघ कशाखाली मारणार?

24 जून

अडचण भलत्याच ठिकाणी निघाली. जर्मनमध्ये 'मी आलो' आणि 'मी आले' यांत फरक नाही. त्यामुळे कुठली ओळ बाईची, कुठली पुरुषाची हे मूळ नाटकात शेवटपर्यंत उघडं राहतं, आणि लेखिकेला तेच हवं आहे. मराठीत पहिल्याच वाक्याला क्रियापद सगळं सांगून टाकतं.

दोन दिवस घोळ घातल्यावर वाट दिसली. सकर्मक क्रियापदाच्या भूतकाळात कर्त्याचं लिंग लपतं. 'मी कार्ड टेकवलं, बूट बदलले, हातमोजे चढवले, पहिलं खोकं उचललं.' बोलणारी बाई की बुवा, पत्ता लागत नाही. भविष्यकाळातही तसंच: 'मी उद्या येईन.' अनेकवचनात तर प्रश्नच नाही, 'आम्ही आलो' सगळ्यांचं एकच. कोंडी होते ती येणं, बसणं, झोपणं, थकणं, घाबरणं यांची. ती 'मला झोप लागली', 'मला भीती वाटली' अशी फिरवून पहिली वीस पानं उतरवली.

26 जून

वीस पानं मोठ्यानं वाचली. व्याकरण बसलं, नाटक बसलं नाही. मला झोप लागली, मला भीती वाटली, मला थांबावं लागलं, माझ्या अंगात त्राण उरलं नाही. सगळीकडे माणसांना काहीतरी होतंय, माणसं स्वतः काही करत नाहीत. मूळ नाटकातली माणसं दमलेली असली तरी वस्ताद आहेत, मुकादमाला गुंडाळतात, पार्सल मुद्दाम चुकीच्या पट्ट्यावर टाकतात. माझ्या मराठीत ती बिचारी झाली.

म्हणून नियम केला: जिथं हाताला काम आहे तिथं सकर्मक क्रियापद, ठणठणीत. जिथं ते जमत नाही तिथं ओढून-ताणून 'मला' आणायचं नाही. 'आलो/आले' अशी दोन्ही रूपं लिहायची, ज्याच्या तोंडी ओळ जाईल त्यानं आपलं उचलायचं.

1 जुलै

पालख्या मुक्कामी. पेठेत शिरणं अशक्य. वाचन रद्द.

9 जुलै

पाच नटांबरोबर पहिलं सलग वाचन. या नाटकाचं एक इंग्रजी भाषांतर आधी झालेलं आहे आणि निधीवाल्यांनी ते आपण होऊन पाठवलंही होतं. मराठीत येणारं बरंचसं परदेशी नाटक इंग्रजीवरूनच येतं, इब्सेन, चेखॉव्ह, लोर्का सगळेच. त्याला नावं ठेवायचं कारण नाही, त्यातून मोठी नाटकं आपल्याला मिळाली. पण रानडे इन्स्टिट्यूट आणि मॅक्स म्युलर भवन असलेल्या या शहरात जर्मन शिकलेली माणसं ढिगानं आहेत. इथं तरी आडवाटेनं जायला नको.

थेट येण्याचा फायदा आज कानाला कळला. जर्मन उपवाक्यात क्रियापद शेवटी पडतं, मराठीतही ते शेवटीच बसतं. एका ठिकाणी मुकादमाबद्दलचं लांबलचक वाक्य आहे: गेली सहा वर्षं ज्यानं आमच्या प्रत्येक मिनिटाचा हिशेब ठेवला, ज्याच्या घरी आम्ही नाताळची भेट पोचवली, ज्याच्या बायकोचं आडनावही आम्हाला पाठ आहे, त्यानं आज आम्हाला… आणि मग क्रियापद. 'ओळखलं नाही.' इंग्रजीत हे आधीच फुटतं आणि मागे शेपूट उरतं. मराठीत नटानं श्वास धरला, वाक्य संपलं आणि टेबलाभोवती हशा आला. लेखिकेला कळवलं. तिचं उत्तर: जर्मन प्रयोगातही तिथंच हसतात.

20 जुलै

हक्कांचा पत्रव्यवहार. जर्मनीत नव्या नाटकाचे प्रयोगहक्क बहुधा नाट्यप्रकाशनाकडे असतात. लेखक स्वतः 'करा हो' म्हणाला तरी भागत नाही. आम्हाला मिळालेली परवानगी भाषांतराची आणि एका विनातिकीट अभिवाचनाची. प्रयोग करायचा तर वेगळा करार: तिकीटविक्रीवर टक्केवारी, आणि दर प्रयोगामागे ठरलेली किमान रक्कम युरोत. टक्केवारीला ना नाही. पण आमचा प्रेक्षागार शंभराच्या आतला. पावसात निम्मा भरला तर ती किमान रक्कम दिल्यावर नटांच्या वडापावलाही काही उरत नाही. तसं सरळ लिहिलं. आकडेमोडही जोडली.

6 ऑगस्ट

'पुरुषोत्तम' करंडक एकांकिका स्पर्धेचे दिवस. आमचे निम्मे नट आपापल्या कॉलेजच्या एकांकिकेमागे. कोणी दिग्दर्शनाला, कोणी नुसतं बॅकस्टेजला. पुण्यात ऑगस्टात तालमीचं वेळापत्रक करणं म्हणजे शुद्ध आशावाद.

18 ऑगस्ट

उलट दिशेचं काम. आमच्या नाटककार मुलीचं नाटक एका सोसायटीच्या सभेचं आहे. पुनर्विकास, बिल्डर, कोपऱ्यातला फ्लॅट, आणि तीन तासांत उघडे पडत जाणारे शेजारी. मराठीतून थेट जर्मनमध्ये नाटक नेणारा माणूस सापडणं कठीण, म्हणून जोडी केली: इथल्या एक जर्मनच्या शिक्षिका ओळ न् ओळ कच्चा खर्डा करणार, तिकडचा एक नाटककार त्यावरून रंगमंचाची जर्मन घडवणार. लंडनच्या नाट्यगृहांत ही पद्धत रुळलेली आहे. आणि तिचा वाईट भागही तिथलाच: भाषा जाणणारा माणूस शब्दशः मसुदा करतो, ती न जाणणारा नामवंत नाटककार त्यावर हात फिरवतो, आणि भित्तिपत्रकावर नाव नामवंताचं.

बाईंनी पाठवलेल्या खर्ड्यात प्रत्येक पानाच्या उजव्या बाजूला रकाना आहे: इथं 'तुम्ही' म्हणताना टोमणा आहे, इथं 'काका' म्हटलंय पण नातं नाही, इथं सेक्रेटरी मुद्दाम छापील मराठी बोलतो. याला 'कच्चा' म्हणणंच चूक. दोन्ही नावं एकाच आकारात छापायची, अशी अट घातली. तिकडचा नाटककार लगेच 'हो' म्हणाला, वाद झालाच नाही.

नाटकाची निवड होताना मात्र एक कुजबुज कानावर आली होती: 'हे पुरेसं भारतीय वाटतं का?' म्हणजे काय, ते कोणी सांगितलं नाही. भारतातून बाहेर गेलेल्या नव्या नाटकांकडे पाहिलं तर चेन्नईच्या अनुपमा चंद्रशेखर यांचं नाव लगेच येतं. 2007 मध्ये लंडनच्या रॉयल कोर्ट थिएटरला त्यांचं नाटक झालं, 2022 मध्ये तिथल्याच नॅशनल थिएटरला. त्या इंग्रजीत लिहितात. मराठीतलं नाटक तिकडे पोचायला किती वेळ लागतो? तेंडुलकरांचं 'सखाराम बाइंडर' 1972 चं. कुमुद मेहता आणि शांता गोखले यांचं इंग्रजी भाषांतर हाताशी असताना न्यूयॉर्कमध्ये त्याची व्यावसायिक निर्मिती झाली 2004 मध्ये. एवढी वाट पाहायची तर देवाणघेवाणीला 'नवं नाटक' म्हणण्यात काही अर्थ नाही.

3 सप्टेंबर

दिग्दर्शकाला अजून वाटतंय की लाइपझिगचं चाकण करावं. गोदामं इथंही आहेत, रात्रपाळी इथंही आहे. आणि मराठी रंगभूमीची रूपांतराची परंपरा भक्कम: जर्मन नाटककार ब्रेश्टचं एक नाटक पु. ल. देशपांड्यांनी 'तीन पैशाचा तमाशा' केलं (1978), त्याच्याच दुसऱ्यावरून खानोलकरांनी 'अजब न्याय वर्तुळाचा' लिहिलं. विजयाबाई मेहता आणि वायमारचे दिग्दर्शक फ्रिट्झ बेनेविट्झ यांनी ते उभं केलं ही तर खरीखुरी देवाणघेवाण होती. बेनेविट्झ पुन्हा पुन्हा भारतात येऊन तालमी घेत राहिले.

तरी माझं मत विरुद्ध. ब्रेश्ट तेव्हा जगभर पाठ झालेला होता, त्याला तोडून जोडलं तरी तो बुडत नव्हता. ही लेखिका इथं पहिल्यांदाच येतेय. दुसरं म्हणजे नाटकाची सगळी घट्ट वीण थंडीत आहे: गोदामाचं दार उघडं, बाहेर उणे आठ, आणि हातमोजे घातले तर स्कॅनरचं बटण दाबता येत नाही. हे चाकणला कसं नेणार? सप्टेंबरातल्या पुणेकर प्रेक्षकाला घाम पुसत ती थंडी कळली, तर काम झालं.

भाषेचा पोत मात्र इथला हवा, यावर एकमत. क्वेबेकच्या मिशेल त्रांबले यांनी 1968 मध्ये माँत्रेआलच्या कामगार वस्तीतल्या बायकांच्या बोलीत नाटक आणलं. 1989 मध्ये ग्लासगोच्या ट्रॉन थिएटरला ते स्कॉट्स बोलीत झालं. बायका माँत्रेआलच्याच राहिल्या, बोलल्या ग्लासगोसारख्या. आपणही तेच करायचं. लाइपझिग लाइपझिगच, मराठी गोदामातली.

12 सप्टेंबर

गणपती. ढोलताशाच्या सरावात तालीम. पट्ट्याच्या घरघरीवर ओरडून बोलायचा सराव आपोआप झाला.

21 सप्टेंबर

लेखिका आली. पहिल्या तालमीत शेवटच्या रांगेत बसली, पाय वर घेऊन. मराठीचं अक्षर कळत नाही, पण संहितेवर बोट ठेवून मागोमाग चालत होती. मोकळ्या जागांवरून तिला आपण कुठं आहोत ते कळत होतं. एका ठिकाणी तिनं हात वर केला. आमच्या नटानं मोकळी जागा खाल्ली होती. तिच्या संहितेत एक रिकामी ओळ म्हणजे एक खोकं उचलून ठेवायचा वेळ. हे कुठंच लिहिलेलं नाही, तिनं विमानतळावर उभं राहून मोजलं होतं. आम्ही खरीच खोकी आणली, आत जुनी वर्तमानपत्रं भरली, आणि प्रत्येक रिकाम्या ओळीला एक खोकं इकडचं तिकडे. वाक्यांची लय दहा मिनिटांत बदलली. माझी दोन-तीन लांब वाक्यं त्या वेळात मावेनात; तिथल्या तिथं छाटली.

मग तिनं विचारलं, तुमच्याकडे ड्रामाटुर्ग कोण? जर्मनीत बहुतेक सरकारी अनुदानाच्या नाट्यगृहांत संहितेशी, दिग्दर्शकाशी आणि प्रेक्षकाशी बोलणारा असा पगारी माणूस असतो. दिग्दर्शकानं माझ्याकडे बोट दाखवलं, मी चहावाल्या दादांकडे. दादा म्हणाले, "मधला भाग लांबलाय, मॅडम." खरंच लांबलाय.

23 सप्टेंबर

आज एक भन्नाट प्रकार. आमच्यातली एक नटी कोल्हापूरची. 'आलो/आले' मधलं काय उचलायचं हे सगळे विचारत होते, ही सरळ 'मी आलो, मी बसलो, मी दमलो' म्हणत सुटली. पुण्याच्या मुलानं टोकलं तर म्हणाली, "आमच्यात बायका असंच बोलत्यात की. माझी आईबी 'मी जेवलो'च म्हणती."

म्हणजे जी गोष्ट मी व्याकरणातून शोधत होते ती पंचगंगेकाठी घराघरात आहे. तिच्या ओळी आता तिच्याच बोलीत. ती बोलते तेव्हा पुरुषाची ओळ बाई म्हणतेय की बाईचीच ओळ आहे, हे प्रेक्षकाला ठरवता येणार नाही. लेखिकेला समजावायला बराच वेळ लागला. समजल्यावर तिनं ती तालीम आपल्या फोनवर रेकॉर्ड करून घेतली.

रात्री जेवताना तिच्याकडून कळलं की तिकडेही नव्या नाटकाचं हेच रडगाणं. पहिल्या प्रयोगाचा मान मिळवायला नाट्यगृहं पुढे येतात. दुसरी निर्मिती करायला कोणी विचारत नाही. म्युल्हाइमला 1976 पासून नव्या जर्मन नाटकांचा मोठा महोत्सव आहे, बर्लिनच्या थिएटरट्रेफन महोत्सवात 1978 मध्ये 'श्ट्युकेमार्क्ट' हा नव्या नाटकांचा मंच सुरू झाला, लेखक पुढे येतात, गाजतात, आणि मग त्यांना पुन्हा नवंच नाटक लिहावं लागतं. आमच्याकडे निदान चाललं तर शंभरावा प्रयोग तरी होतो, असं म्हटल्यावर तिला ते खोटंच वाटलं.

5 ऑक्टोबर

लाइपझिगहून आमच्या नाटककार मुलीचा फोन. अभिवाचन झालं. जातीचे, आडनावांचे संदर्भ कळणार नाहीत म्हणून आयोजकांनी प्रास्ताविक ठेवलं होतं, लोक त्यात पेंगले. सभा सुरू झाली आणि पहिल्याच 'मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे'ला सभागृह हसून फुटलं. फ्लॅटमालकांची वार्षिक सभा जर्मनीतही असते आणि तितकीच भीषण असते. एक आजोबा येऊन म्हणाले, आमच्या जिन्यातल्या दिव्याचा वाद अकरा वर्षं चाललाय. "अगं, त्यांना वाटलं मी त्यांच्याच सोसायटीवर लिहिलंय," ती सांगत होती. 'पुरेसं भारतीय'चं उत्तर परस्पर मिळालं. पण निर्मितीबद्दल? चर्चा 'सकारात्मक' आहे. हा शब्द मी ओळखून आहे.

19 ऑक्टोबर

पुण्यातलं अभिवाचन. आम्ही खुर्च्या ठेवल्याच नाहीत. संहिता हातात, पण खोकी खरी. सभागृह भरलं, मागे लोक उभे. कोल्हापुरी 'मी आलो'ला आधी दोन-तीन ठिकाणी हसू आलं, पुढे कोणी हसलं नाही. चर्चेत एका ज्येष्ठ समीक्षकांनी विचारलं की पात्रांना नावं दिली असती तर काय बिघडलं असतं. त्यांच्या शेजारी बसलेला मुलगा म्हणाला, मी भिवंडीला आठ महिने गोदामात होतो, तिथं नावानं कोणी हाकच मारत नाही, बॅजवरच्या नंबरानं मारतात. समीक्षकांनी मान डोलावली, पटलं की नाही कळलं नाही.

निधीचा अहवाल इथं संपतो. आमचं काम इथून पुढे.

8 नोव्हेंबर

दिवाळी संपली, बैठक झाली. मुंबईत रेज या संस्थेनं रॉयल कोर्टबरोबर 'रायटर्स ब्लॉक' हा नाट्यलेखनाचा उपक्रम केला (2004, 2007, 2012, 2016), त्यातली एक गोष्ट मला सगळ्यांत शहाणपणाची वाटते: कार्यशाळेतून निघालेली नाटकं पुढे महोत्सवात प्रयोग म्हणून उभी राहिली, कागदावर राहिली नाहीत. रॉयल कोर्टचा आंतरराष्ट्रीय विभाग चालवणाऱ्या एलिस डॉजसन 2018 मध्ये गेल्या, पण लेखकाला आधी लिहायला बसवायचं आणि मग त्याला नट द्यायचे, ही त्यांची रीत इथल्या बऱ्याच तरुण लेखकांच्या अंगवळणी पडली आहे.

प्रकाशनाचं उत्तर आलंय. पहिल्या दहा प्रयोगांना किमान रक्कम माफ, नुसती टक्केवारी. आकडेमोड पाठवली ते बरं झालं. दहानंतर पुन्हा बोलायचं.

15 नोव्हेंबर

संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे (प्रयोगाआधी संहिता तपासणारं सरकारी मंडळ) पाठवायची तयारी. इथं 'आलो/आले' आडवं आलं. मंडळाकडे जी संहिता जाते तीच रंगमंचावर बोलली जायला हवी. प्रत्येक ओळीला दोन रूपं ठेवून कशी पाठवणार? शेवटी आत्ताच्या नटसंचाप्रमाणे रूपं पक्की केली, कोल्हापुरी ओळी जशाच्या तशा ठेवल्या, सोबत लेखिकेचं आणि प्रकाशनाचं संमतीपत्र जोडलं. नट बदलला तर पुढचं पुढे. मुकादमाबद्दलच्या दोन शिव्या दिग्दर्शकानं स्वतःहून सौम्य केल्या. मी भांडले, एक परत मिळवली.

26 नोव्हेंबर

पहिला प्रयोग 18 जानेवारीला. मधला भाग सात मिनिटांनी कमी केला (चहावाल्या दादांना कळवलं). पट्ट्याची घरघर खऱ्या गोदामात रेकॉर्ड करायची परवानगी अजून नाही. नाही मिळाली तर आमचा ध्वनिसंयोजक पिठाच्या गिरणीवर जाणार आहे. खोकी चाळीस लागतील, तालमीत रोज चार-पाच फुटतात. लक्ष्मी रोडच्या एका कापडदुकानदारानं दर सोमवारी उरलेली खोकी द्यायचं कबूल केलंय, फक्त टेम्पो आपला. टेम्पोचे पैसे जमाखर्चात कुठल्या रकान्यात टाकायचे ते उद्या ठरवायचं.